किक, सेल आणि दोरी

नांदेडला खरी थंडी महिना-दीड महिनाच. पण तेवढ्या दिवसांत आमच्या वाड्याला गजर लावावा लागत नसे. समोरच्या खोलीत झेडपीचे एक गुरुजी राहत. शाळा लोह्याकडच्या एका खेड्यात, सकाळची. सहाच्या सुमाराला ते मफलर गुंडाळून स्कूटर बाहेर काढत, पेट्रोलचा कॉक उघडत, चोक ओढत आणि किक मारायला लागत. पहिल्या पाच-सहा किकांना नुसतीच घरघर. मग गाडी एका अंगावर कलती करून थोडा वेळ धरायची, सरळ करायची, पुन्हा किक. तेवढ्यानं भागलं नाही तर बाजूचं झाकण उघडायचं, प्लगपाना लावायचा आणि काळाभोर, ओला प्लग बाहेर काढून फडक्यानं पुसायचा. कधी कागदाची सुरळी पेटवून तिच्यावर तो शेकायचा. मग एखाद्या किकला गाडी खाकरायची, फटफट करत दम धरायची आणि वाडाभर निळसर धूर पसरायचा. गुरुजींचा चेहरा तोवर घामानं भिजलेला असे, डिसेंबरातसुद्धा.

हे दृश्य एका वाड्याचं नव्हतं. १९७० ते १९९० या काळात नांदेड-लातूरच्या ज्या घरात दुचाकी होती, तिथं ते थोड्याफार फरकानं घडत होतं. त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या स्कूटर, मोपेड आणि बहुतेक मोटरसायकली टू-स्ट्रोक होत्या. रस्ते, परवाने, कारखाने यांचा इतिहास आपण लिहितो. इंजिन चालू कसं झालं याचा सहसा लिहीत नाही. पण गाडी कोणाला चालवता येणार हे ती कोणाला चालू करता येते यावर ठरत होतं, आणि म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

टू-स्ट्रोक इंजिनाचा पाया स्कॉटिश अभियंता ड्युगाल्ड क्लार्क यानं १८७८ च्या सुमारास घातला. त्याला आजच्या ओळखीचं साधं रूप दिलं ते इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यानं, १८९० च्या आसपास. डेच्या रचनेच्या रूढ झालेल्या रूपात झडपा नव्हत्या. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, हलणारे मुख्य भाग एवढेच. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढून घेतो आणि खाली येताना तेच मिश्रण वर सिलिंडरमध्ये ढकलतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. इंजिन हलकं, स्वस्त आणि गावातल्या माणसालाही उघडून बघता येईल असं. गरीब देशाला परवडेल असं दुसरं इंजिन तेव्हा नव्हतंच म्हणा ना.

पण या साधेपणातच दुखणं दडलेलं होतं. क्रँककेसमधून मिश्रण जाणार म्हटल्यावर तिथं वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही. मग ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. लिटरला २० ते ४० मिलिलिटर, गाडीप्रमाणे. पंपावर पेट्रोल टाकलं की पोऱ्या छोट्या मापातून ऑइल ओतायचा आणि गाडीवाला हँडल धरून गाडी गदागदा हलवायचा. ती हलवणी अंगवळणी पडलेली होती, पण तिला कारण होतं: नीट मिसळलं नाही तर ऑइल तळाला बसतं आणि इंजिनाला पहिला घोट निव्वळ ऑइलचा जातो. ते ऑइल पुरतं जळत नाही. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत काजळी धरते. ही फट साधारण ०.६ मिलिमीटरची. मिस्त्री ती लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यानं मोजत, कारण पात्याची जाडी जवळजवळ तेवढीच असते. फटीत काजळीचा एक कण अडकला तरी ठिणगी उडी मारत नाही, वीज त्या कणातूनच वाहून जाते. ‘प्लग शॉर्ट झालाय’ असं मिस्त्री म्हणायचा, ते अगदी बरोबर होतं.

दुसरी अडचण खुद्द किकची. बहुतेक गाड्यांत ठिणगीसाठीची वीज चाकासारख्या फिरणाऱ्या मॅग्नेटोतून यायची आणि मॅग्नेटो जितका जोरात फिरेल तितकी वीज जास्त. धावत्या गाडीला ती भरपूर मिळते. पण चालू करताना, नेमकी सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा, माणसाच्या पायाचा जोर काय तो आधार. त्यात विजेचा मार्ग तोडून ठिणगी पाडणारे ‘पॉईंट’ म्हणजे धातूचे दोन चिमुकले ठोकळे. ते झिजायचे, जळायचे, पावसाळ्यात त्यांच्यावर ओल धरायची. पॉलिश पेपरची चिंधी त्यांच्यामध्ये सरकवून घासणं हा मराठवाड्यातल्या प्रत्येक गॅरेजचा रोजचा पाठ होता. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. पण गाडी चालू न होता किका मारत राहिलं की ओलं पेट्रोल क्रँककेसमध्ये साचतं. मग उलटा उपाय: कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारत राहायचं, आतलं पेट्रोल बाहेर फेकलं जाईपर्यंत. कोणत्या वेळी कोणता उपाय, हे ज्याला कळलं तो गाडीवाला. बाकीच्यांनी पोरांना बोलवून धक्का मारायचा.

ही इंजिनं आपल्याकडे आली ती परवान्यांच्या काळात. बजाजला सरकारनं १९५९ मध्ये दुचाकी बनवण्याचा परवाना दिला आणि इटलीच्या पियाज्जोच्या सहकार्यानं पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनू लागली. १९६० च्या नियंत्रण आदेशानं स्कूटरची विक्रीही सरकारच्या देखरेखीखाली गेली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, हे ज्यांनी भोगलं ते अजून विसरलेले नाहीत. १९७१ मध्ये पियाज्जोशी करार संपला आणि पुढच्या वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया बनू लागली. मोटरसायकलींत फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची जावा, पुढे येझदी. येझदीची किक हाच तिचा गिअरही होता. गाडी चालू झाली की तोच दांडा पुढं वळवून गिअर टाकायचा. नवख्याला ते शिकायला आठवडा लागायचा.

नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आजही. वतनदाराच्या वाड्यासमोर घोडा बांधलेला असणं ही या भागातली जुनी पत. सत्तरच्या दशकात त्या जागी राजदूत उभी राहू लागली. घोड्याला जसा स्वार ओळखतो, तशी गाडी मालकालाच ओळखते असं लोक बोलत, आणि त्यात तथ्य होतं. चोक किती ओढायचा, किक कुठल्या बिंदूपासून दाबायची हे त्या एकट्याच्या हाता-पायात बसलेलं असे. मालक आजारी पडला तर गाडी घरात उभीच राहायची.

१९७२. महाराष्ट्राच्या आठवणीत हे साल दुष्काळाचं आहे. मराठवाड्यात तर लोक वय सांगतानाही ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असं म्हणतात. त्याच वर्षी अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना बाजारात आली. कंपनी हस्तीमल फिरोदियांची; मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया हे त्यांचे वडील. हस्तीमल यांचा मुलगा अरुण आयआयटी मुंबई आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून परतलेला. पियाज्जोच्या चाओ या मोपेडवर बेतलेली ही ५० सीसीची गाडी. लुनानं चालू करण्याचा प्रश्न सोडवला नाही, तिनं तो वेगळ्याच बाजूनं पकडला. तिला किक नव्हती, सायकलसारखी पेडलं होती. गाडी स्टँडवर घ्यायची, मागचं चाक अधांतरी, आणि पेडल मारायचं. किंवा सरळ बसून सायकलसारखी चालवत न्यायची आणि वाटेत इंजिनाला पकडू द्यायचं. पेट्रोल संपलं तर? घरापर्यंत पेडल मारत जा.

सायकल ज्याला येत होती त्याला लुना येत होती, आणि सायकल तर गावोगावी होती. एका झटक्यात ताकद लावण्याऐवजी थोडं थोडं बळ सलग लावायचं, एवढाच फरक. पण त्या फरकानं साठीचे पोस्टमास्तर, दूधवाले, लातूरच्या गंजगोलाईतल्या आडत दुकानांचे मुनीम आणि पुढे शिक्षिका, नर्सबाई हे सगळे गाडीवर आले. ‘चल मेरी लुना’ ही जाहिरात आठवते सगळ्यांना. माझ्या मते तिच्या यशाचं मूळ त्या पेडलांत आहे. १९८० मध्ये होसूरहून दोघांना बसता येईल अशी टीव्हीएस ५० आली आणि मोपेड खेड्यातली मालवाहू गाडीही झाली. कडब्याच्या पेंढ्यांमधून फक्त हेडलाइट दिसणारी मोपेड मराठवाड्याच्या रस्त्यावर कोणी पाहिली नाही?

या साऱ्या काळात गाड्या चालू ठेवल्या त्या मिस्त्र्यांनी. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं, कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, दुचाकी वाढल्या. नांदेडच्या वजिराबादेपासून लातूरच्या गांधी चौकापर्यंत, आणि मधे लोहा-अहमदपूर-चाकूरच्या फाट्यांवर, पत्र्याच्या टपऱ्यांत गॅरेजं उभी राहिली. तिथल्या पोरांनी शाळेत विजेचा धडा धड शिकलेला नव्हता. पण प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारायची आणि ठिणगीचा रंग बघायचा: निळी आणि टचटचीत असेल तर करंट ठीक, पिवळी-तांबूस असेल तर कंडेन्सर किंवा पॉईंट. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, जेटमध्ये कचरा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी घेईना, तर क्रँकचं ऑइल सील गेलंय, खालची पकड सुटली. तीन प्रश्नांत निदान. एखाद्या निष्णात डॉक्टरानं नाडी पाहावी तसं हे ज्ञान होतं आणि ते वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते गेलं तसं गेलं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

रिक्षांची तऱ्हा आणखी वेगळी. ड्रायव्हरच्या सीटजवळ जमिनीलगत एक दांडा, तो हातानं वर खेचायचा. नांदेड स्टेशनबाहेर पहाटे गाडी आली की दहा-वीस दांडे एकदम ओढल्याचा खडखडाट उठे. दिवसात पन्नास-पन्नास वेळा तो दांडा ओढणाऱ्यांचे उजवे-डावे खांदे सारखे राहत नसत.

बदल आला तो ऐंशी सालानंतरच्या धोरणबदलातून. केंद्र सरकारनं परदेशी सहकार्याला दार उघडलं आणि दोन-तीन वर्षांत चारही मोठ्या जपानी कंपन्या भारतात आल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर, कावासाकी बजाजबरोबर आणि होंडा दोघांबरोबर, हिरो आणि कायनेटिक. १९८५ च्या नोव्हेंबरात मराठवाड्यातच, औरंगाबादजवळच्या वाळूजला, बजाजच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते झालं. पुढच्याच वर्षी आलेली एम-८० खेड्यापाड्यात घट्ट रुजली.

जपान्यांनी सुरुवातीच्या दुखण्यावर एकच मोठं औषध आणलं नाही. दुखण्याच्या प्रत्येक कारणावर वेगळा इलाज आणला. यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये ऑइलला वेगळी टाकी आणि पंप होता. इंजिनाला हवं तेवढंच ऑइल जायचं, त्यामुळे प्लग कमी काळवंडायचा आणि पंपावर गाडी हलवणं संपलं. मिश्रणाच्या वाटेवर पातळ पात्यांची रीड व्हॉल्व्ह बसली. आत ओढलेलं मिश्रण कमी वेगातही मागे फिरत नाही, म्हणून हलक्या किकलाही सिलिंडर पुरेसा भरतो. शंभर सीसीपेक्षाही किंचित कमी क्षमतेची ही गाडी ‘एका किकची’ म्हणून नावाजली गेली ती उगाच नाही.

तिसरा इलाज विजेचा, आणि मला तो सगळ्यात देखणा वाटतो. हळूहळू सर्वच गाड्यांतून पॉईंट गेले आणि सीडीआय नावाची काळी डबी आली. तिच्यात एक कपॅसिटर आधी दोन-तीनशे व्होल्टनं भरून ठेवला जातो आणि नेमक्या क्षणी एकदम रिकामा केला जातो. पॉईंटची ठिणगी सावकाश चढायची. मधल्या वेळात वीज काजळीतून झिरपून जायची. सीडीआयची ठिणगी इतक्या कमी वेळात चढते की काजळीनं तिला वाट देण्याआधीच ती फट ओलांडून जाते. थोडा काळा, थोडा ओला प्लगसुद्धा पेटतो. घासायला काही उरलं नाही, ओल धरायला काही उरलं नाही. बिघडली तर डबी बदलायची. पॉलिश पेपरची चिंधी गॅरेजच्या खिळ्यावर तशीच लटकत राहिली.

आणि मग सेल, म्हणजे सेल्फ स्टार्टर. विजेच्या मोटरनं इंजिन फिरवण्याची कल्पना मोटारींत १९११-१२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं आणली होती. हँडल फिरवताना ते उलटं फिरून लोकांचे हात मोडत, त्यातून सुटका म्हणून. पॉईंटवर चालणारी बॅटरी-इग्निशनही त्याच केटरिंगची. भारतातल्या दुचाकीला मात्र सेल्फ स्टार्टरसाठी आणखी सत्तर वर्षं थांबावं लागलं. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा मोटर ही कंपनी स्थापन झाली. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला बनणारी तिची ९८ सीसीची टू-स्ट्रोक स्कूटर म्हणजे गिअर नाही, क्लच नाही आणि अंगठ्याखाली सेलचं बटण. भारतातली ही अशी पहिली स्कूटर.

तिची किंमत नांदेड-लातूरच्या सामान्य नोकरदाराला सुरुवातीला जड होती. त्यामुळे पहिली काही वर्षं ती डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या घरात दिसायची. पण त्या घरांत एक वेगळी गोष्ट घडली. किकची स्कूटर घरातल्या पुरुषाची असे. या स्कूटरची किल्ली खुंटीवर टांगलेली राही आणि जो बाहेर निघेल तो ती घेई. नऊवारीत सोडाच, पाचवारीतही भर रस्त्यात पाय उचलून किक मारणं बायकांना अवघड, आणि बघणाऱ्यांच्या नजरा त्याहून अवघड. बटणानं दोन्ही गोष्टी मिटवल्या. सिग्नलला गाडी बंद पडली तर? बटण दाबा. ही भीती मनातून जाणं केवढं मोठं होतं, हे ज्यानं भर चौकात मागच्या हॉर्नांच्या गदारोळात किका मारल्या आहेत त्यालाच कळेल. नव्वदच्या दशकात हलक्या, स्वस्त स्कूटरेट आल्या आणि त्यांनाही सेल बसला. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांना पहाटे पाचला निघणाऱ्या मुली आपापल्या गाडीवर निघू लागल्या, कोणाला उठवून ‘गाडी चालू करून द्या’ म्हणावं न लागता. त्या बदलात मुलींच्या शिक्षणाचा, आईबापांच्या हिमतीचा वाटा मोठा आहेच. बटणाचा वाटा त्याच्या शेजारी मांडावा असं मला वाटतं.

गंमत नव्हे, दैवाचा भाग म्हणावा असं पुढं घडलं. टू-स्ट्रोक इंजिन चालू व्हायला शहाणं झालं, तेव्हाच त्याचे दिवस भरत आले. वाड्यातला तो निळा धूर आता हजारो गाड्यांचा झाला होता. जळून गेलेले वायू बाहेर जाताना ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच सोबत निघून जातो, हा डेच्या रचनेतला मूळ दोष. तो किकनं जात नव्हता आणि बटणानंही नाही. १९९१ पासून धुराचे निकष आले, १९९६ मध्ये कडक झाले, २००० मध्ये आणखी कडक: दुचाकीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड २ ग्रॅमच्या आत. पेट्रोल महागत होतं आणि हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटरसायकल अंतर जास्त देत होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मोटरसायकलींनी खपात स्कूटरला मागं टाकलं. १९९८ मध्ये बजाजनंही फोर-स्ट्रोक लेजंड स्कूटर आणली, त्याच वर्षी होंडा कायनेटिकमधून बाहेर पडली. थोड्याच वर्षांत चेतक थांबली, लुना थांबली. या दोन्ही नावांच्या गाड्या पुन्हा आल्या आहेत, चेतक २०२० मध्ये आणि लुना २०२४ मध्ये, पण विजेवरच्या. त्यांना चालू करायचं असं काही उरलेलंच नाही.

रस्त्यावरून टू-स्ट्रोक जवळजवळ गेलं. शेतात मात्र आहे. ऑगस्टमध्ये लातूरकडून औशाच्या बाजूला निघालं की सोयाबीनच्या रानात पाठीवर पेट्रोलचा फवारणी पंप घेतलेली माणसं दिसतात. पंपाच्या तळाशी २५-३० सीसीचं चिमुकलं इंजिन, डेच्याच घराण्यातलं. त्याला ना किक, ना सेल. स्प्रिंगवर गुंडाळलेली एक दोरी आहे. रबरी फुगा दोन-चारदा दाबून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणायचं, चोक लावायचा, दोरी ओढायची. ठिणगी इथेही इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला भागतं.

मागच्या पावसाळ्यात एका बांधावर थांबलो होतो. पंप घेईना. शेतकरी तिशीतला, मोबाइल कमरेला. त्यानं दोरी सहा-सात वेळा ओढली, मग पंप खाली ठेवला, प्लग काढला आणि उन्हाकडे धरून बघितला. ‘वल्ला झालाय,’ म्हणाला. शर्टाच्या टोकानं पुसला, फुंकर मारली, चोक बंद करून दोरी रिकामी दोनदा ओढली आणि प्लग परत बसवला. हे त्याला कोणी शिकवलं ते विचारलं. वडिलांकडे राजदूत होती, एवढंच तो बोलला, आणि पेट्रोल-ऑइलची बाटली उचलून ओतायच्या आधी चांगली खळखळून हलवली.